स्ट्रिंगचा मोठा पूर्णांक करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींचा कोड तपासणं हा माझ्या दिवसाचा बराच भाग आहे. तिथे स्ट्रिंगचा (म्हणजे मजकूर म्हणून साठवलेल्या आकड्यांचा) पूर्णांक करण्याबद्दल ठरावीक पाच-सहा शंका दर महिन्याला नव्या चेहऱ्याने येतात. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हणून हे पान. कोडमधली नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत.

माझ्याकडे सोळा अंकी नंबर स्ट्रिंगमध्ये आहे. त्याचा पूर्णांक कसा करू?

आधी सांगा, कशाला करताय? त्यात काही मिळवायचंय, वजा करायचंय, भागायचंय? नसेल तर करू नका. खाते क्रमांक, आधार, मोबाइल, कार्डाचा नंबर ही सगळी आकड्यांत लिहिलेली नावं आहेत. दोन मोबाइल नंबरांची बेरीज कुणी करत नाही. अशा नावाचा पूर्णांक केला की पहिल्यांदा जातात सुरुवातीची शून्यं. ‘००७४५’चा ७४५ झाला की मुळात शून्यं दोन होती की चार, हे कुणालाच सांगता येत नाही. मग कुणीतरी ‘अकरा अंक होईपर्यंत डावीकडे शून्यं लावा’ असा जुगाड करतं आणि तो जुगाड दहा वर्षं जगतो.

मला विचारलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांचं उत्तर इथेच संपतं: स्ट्रिंग स्ट्रिंगच राहू द्या.

ठीक आहे, मला खरंच गणित करायचंय. ‘मोठा’ म्हणजे किती मोठा?

साधा ३२ बिटांचा इंट २१४७४८३६४७ पर्यंत जातो, म्हणजे २१४ कोटींच्या थोडा पुढे. ६४ बिटांचा लाँग ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत, एकोणीस अंक. भास्कराचार्यांनी लीलावतीत दशमान स्थानांची नावं दिली आहेत. त्यांतलं शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या मापाने लाँगमध्ये ९२ परार्ध मावतात. भरपूर वाटतं, पण २० चा फॅक्टोरियल (१ ते २० यांचा गुणाकार) त्यात जेमतेम बसतो आणि २१ चा बसत नाही.

माझा हिशेब असा: अठरा अंकांपर्यंत लाँग बिनधास्त वापरा, एकोणिसाव्या अंकाला तपासून बघा, त्यापुढे मोठ्या पूर्णांकाचा प्रकार घ्या. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ही रेघ खूप अलीकडे आहे. तिथला नेहमीचा नंबर प्रकार ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच एकेक पूर्णांक नेमका धरतो. त्यापुढे काही संख्या त्याला दिसतच नाहीत.

कुठल्या भाषेत काय वापरायचं?

पायथनमध्ये वेगळं काही नाही, इंट() हाच कितीही मोठा होतो. जावात बिगइंटीजरचा कन्स्ट्रक्टर स्ट्रिंग घेतो. जावास्क्रिप्टला २०२० च्या मानकात बिगइंट मिळाला. सी शार्पमध्ये डॉटनेट ४ पासून बिगइंटीजर आहे, त्याचं ट्रायपार्स वापरा. गोमध्ये मॅथ-बिग पॅकेजचं सेटस्ट्रिंग दोन गोष्टी परत देतं, संख्या आणि जमलं की नाही. ती दुसरी गोष्ट अंडरस्कोरमध्ये टाकून (म्हणजे न बघता सोडून) देणाऱ्यांचा कोड मी परत पाठवतो. सी आणि सी प्लस प्लसमध्ये भाषेसोबत काही येत नाही. तिथे जीएमपी ही १९९१ पासूनची लायब्ररी लोक वापरतात.

उत्तर चुकीचं आलं, पण एरर आली नाही. असं कसं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. फंक्शन चांगलं की वाईट हे त्याने बरोबर स्ट्रिंगचं काय केलं यावरून ठरवू नका. भलती स्ट्रिंग दिल्यावर ते ओरडतं की गप्प बसतं, ते बघा.

जावास्क्रिप्टचं पार्सइंट (स्ट्रिंगची संख्या करणारं फंक्शन) गप्प बसणाऱ्यांपैकी. ‘१२,३४,५६७’ (आकडे इंग्रजी धरा) दिलंत तर ते स्वल्पविरामापाशी थांबतं आणि १२ देऊन मोकळं होतं. सव्वाबारा लाखांच्या वरच्या रकमेजागी बारा रुपये! १२३४५६७८९०१२३४५६७८९०१ दिलंत तर १२३४५६७८९०१२३४५६८०००० मिळतं. शेवटची शून्यं बघून कुणालाही संशय यावा, पण पाचशे ओळींच्या लॉगमध्ये ती बघतो कोण?

त्याच कामाचं सीचं एटोआय याहून वाईट. संख्या मावली नाही तर काय होईल हे मानकाने ठरवलेलंच नाही. स्ट्रटोल बरं: ते मर्यादेला चिकटतं आणि एररनो मध्ये (चुकीची नोंद ठेवायची जागा) खूण ठेवतं. फक्त ती खूण बघायचं काम तुमचं, आणि फंक्शन बोलवण्याआधी एररनो शून्य करायचं कामही तुमचंच. त्याला पाया (संख्या दशमान, अष्टमान की आणखी कशात वाचायची ते) म्हणून शून्य दिलंत तर ‘०१०’चे दहा नाही, आठ होतात. सुरुवातीच्या शून्यामुळे ते अष्टमान समजतं.

जावाचा बिगइंटीजर स्ट्रिंग घेताना काटेकोर आहे. रिकामी स्ट्रिंग, मधली जागा, स्वल्पविराम, काहीही दिसलं की एक्सेप्शन, म्हणजे थेट एरर. पण परत लाँग करताना लाँगव्हॅल्यू वरचे बिट गुपचूप कापतं. त्याऐवजी लाँगव्हॅल्यूएक्झॅक्ट घ्या. ते जावा ८ पासून आहे.

बिगइंट वापरूनही जावास्क्रिप्टमध्ये शेवटचे आकडे बदलतात. का?

कोड दाखवा म्हटलं की दहापैकी नऊ वेळा हेच दिसतं: बिगइंट(पार्सइंट(स)). किंवा कंसात संख्या अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली असते. दोन्हीकडे बिगइंटच्या हातात पडण्याआधीच नुकसान झालेलं असतं. बिगइंटला ९००७१९९२५४७४०९९३ अशी उघडी संख्या दिलीत तर शेवटी २ येतो. तीच अवतरणचिन्हांत दिलीत की ३. दूध नासल्यावर चांगल्या भांड्यात ओतून काय उपयोग?

जेसॉनमध्येही (प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवतात ते मजकुराचं स्वरूप) हाच घोळ. जेसॉन-पार्स मोठा आकडा साध्या नंबरमध्ये वाचतं. ट्विटरचे आयडी ६४ बिटांचे झाले तेव्हा त्यांच्या एपीआयने (बाहेरच्या प्रोग्रामना डेटा देणाऱ्या दाराने) आयडीसोबत तोच आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने. तुमच्या एपीआयमध्येही मोठे पूर्णांक अवतरणचिन्हांतच पाठवा. उलट दिशेने बिगइंट थेट जेसॉन-स्ट्रिंगिफायला दिला तर ते टाइपएरर देतं. त्रासदायक आहे, पण निदान ओरडतं.

एक अपवाद लक्षात ठेवा: बिगइंटला रिकामी स्ट्रिंग दिली तर एरर येत नाही, शून्य येतं. फॉर्ममधली रक्कम भरायची राहिली आणि शून्य रुपये नोंदले गेले, हे असंच होतं.

स्वल्पविराम काढून टाकले की झालं ना?

काढा, पण डोळे मिटून नाही. आपली १२,३४,५६७ ही मांडणी आणि अमेरिकेची १,२३४,५६७ ही मांडणी, दोन्हीत स्वल्पविराम काढला की संख्या एकच उरते. जर्मनीत मात्र हजारांना टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम असतो. तिथला ‘१,५०’ म्हणजे दीड. स्वल्पविराम काढलात की दीडशे.

त्याहून भयंकर म्हणजे ‘आकडे सोडून बाकी सगळं उडवा’ हे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र). ‘१२५०.५०’चे १२५०५० होतात आणि ‘-५००’चे ५००. एकात रक्कम शंभरपट झाली, दुसऱ्यात येणं-देणं बदललं. काय काढायचं ते नावानिशी लिहा: स्वल्पविराम, रुपयाची खूण, आजूबाजूच्या मोकळ्या जागा. उरलेल्यात आकडे आणि सुरुवातीला एखादं चिन्ह याशिवाय काही असेल तर नाकारा.

वापरणाऱ्याने देवनागरी आकडे टाइप केले तर?

हा प्रश्न इंग्रजी पानांवर फारसा सापडत नाही, पण मराठी कीबोर्ड घरोघरी असताना तो टाळता येत नाही. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) ० ते ९ यांना २४०६ ते २४१५ हे क्रमांक आहेत. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये आपण अक्षरातून ४८ वजा करून अंक काढतो. तिथे ५ आला तर २४११ मधून ४८ गेले, अंक झाला २३६३! बेरीज पुढे चालू राहते, कुणी हूं की चूं करत नाही.

तयार फंक्शनांत एकमत नाही. पायथनचं इंट() देवनागरी आकडे आनंदाने घेतं, इतकंच काय, एकाच स्ट्रिंगमध्ये अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी असले तरी घेतं. जावाचा बिगइंटीजरही घेतो. जावास्क्रिप्टचा बिगइंट, गो आणि सी शार्प नाकारतात. जावात गंमत अशी की बिगइंटीजर १२३ घेतो, पण त्याआधी ‘सगळे अंकच आहेत ना’ म्हणून लावलेलं डी-प्लसचं (‘डी’ म्हणजे कुठलाही अंक, प्लस म्हणजे एक किंवा जास्त) रेग्युलर एक्स्प्रेशन तीच स्ट्रिंग परत पाठवतं, कारण जावातल्या त्या ‘डी’ला इंग्रजीच आकडे माहीत. पायथनच्या ‘डी’ला मराठीही चालतात.

माझा सल्ला: दारातच सगळे आकडे इंग्रजी करून घ्या, मग बाकीचं. अक्षराचा क्रमांक २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर त्यातून २३५८ वजा करा, इंग्रजी अंकाचा क्रमांक मिळतो. हद्द लिहिताना हात घसरू देऊ नका. २४१६ वर लाघवचिन्ह बसलंय, ‘डॉ॰’ मधलं ते छोटं वर्तुळ. ते आत आलं तर तुमच्याकडे दहा किमतीचा ‘अंक’ तयार होतो. आणि एकच क्रमांक 123 आणि १२३ असा दोनदा साठवला गेला तर डेटाबेसला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

स्ट्रिंग डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसते, तरी एरर येते.

व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलीय का? मग तिच्यात न दिसणारं काहीतरी आहे. नेहमीचे गुन्हेगार दोन: न तुटणारी जागा आणि शून्य रुंदीची जागा. पहिली पायथन आणि जावास्क्रिप्ट कडेने छाटतात, जावाचं ट्रिम छाटत नाही आणि नंतर आलेलं स्ट्रिपही नाही. दुसरी यांतलं कुणीच छाटत नाही. स्ट्रिंगची लांबी छापा. बारा अंकांची लांबी तेरा आली की प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापा, चोर सापडतो.

एक्सेलमधून आलेल्या फाइलमध्ये सगळे नंबर शून्यावर संपतात!

हे मी स्वतः भोगलंय. एका ठिकाणाहून ग्राहकांची यादी आली, सोळा अंकी क्रमांकांची. आमची आयात नीट चालली, एकही एरर नाही. दोन दिवसांनी कळलं की जुळणी होतच नाहीये. आम्ही अर्धा दिवस आमच्याच बिगइंटीजरच्या कोडमध्ये डोकं घालून बसलो होतो. शेवटी शेजारच्या टेबलावरची टेस्टर मागून जाताना सहज म्हणाली, “सगळ्यांच्या शेवटी शून्य कसं रे?”

एक्सेल संख्येचे पंधराच अंक सांभाळतं, सोळाव्यापासून पुढे शून्य. मधल्या कुणीतरी फाइल उघडून स्तंभ ‘नंबर’ केला आणि सेव्ह केली, खेळ खलास. बारा अंकी क्रमांकांचं मूल्य शाबूत राहतं, पण साध्या स्वरूपातल्या स्तंभात ते दशांशात आणि दहाच्या घातात दिसतात. सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की जे दिसतंय तेच लिहिलं जातं. उपाय कोडमध्ये नाही. आकडे टाकण्याआधी स्तंभ ‘टेक्स्ट’ करा. गेलेला अंक कुठलंही फंक्शन परत आणत नाही, मूळ फाइलच मागवावी लागते.

मुलाखतीत लायब्ररी न वापरता लिहा म्हणतात. कसं लिहू?

मूळ कल्पना पाटीवरची आहे. डावीकडून एकेक अंक घ्या, जमलेल्याला दहाने गुणा, नवा अंक मिळवा. ‘९०७’ घ्या: शून्याने सुरुवात, मग ९, मग ९०, मग ९०७. लाँगमध्ये मावेल तोवर एवढंच पुरतं. फक्त गुणण्याआधी तपासा, नंतर नाही. ओव्हरफ्लो (संख्या मावेनाशी होणं) झाल्यावर ‘झाला का?’ असं त्याच संख्येला विचारण्यात अर्थ नसतो.

त्यापुढे ॲरे (ओळीने मांडलेले खाने) लागतो. एका खान्यात एक अंक ठेवला तरी चालतं, पण ते म्हणजे एसटीच्या पूर्ण बसमध्ये एक प्रवासी. खान्यात नऊ अंक ठेवा. १२३४५६७८९०१२३४५६७८९० ही वीस अंकी स्ट्रिंग उजवीकडून नऊ-नऊ कापली की तुकडे पडतात २३४५६७८९०, ३४५६७८९०१ आणि १२. नऊच का? अब्जाखालची कुठलीही संख्या ३२ बिटांत बसते, आणि अशा दोन संख्यांचा गुणाकार, वर हातचा धरूनही, ६४ बिटांत. दहा अंक घेतलेत तर दोन्ही बिघडतं.

तुकडे ठेवताना सगळ्यात उजवीकडचा आधी ठेवा, म्हणजे हातचा पुढच्या खान्यात सरकतो आणि संख्या वाढली तर ॲरे शेवटाला वाढतो. आपल्याकडे संख्या शब्दांत सांगताना ‘अंकानां वामतो गतिः’ म्हणायचे, एककापासून सुरू करून डावीकडे जायचं. त्यांच्यासमोर ॲरे नव्हता, पण अडचण तीच असणार. दोन संख्यांची बेरीज करताना खान्याखान्याने मिळवा. उत्तर अब्ज किंवा जास्त आलं तर अब्ज वजा करून पुढच्या खान्यात एक द्या. ऋणचिन्ह वेगळ्या जागी ठेवा. छापताना सगळ्यात वरचा तुकडा सोडून बाकीच्यांना डावीकडून शून्यं लावून नऊ अंक करा. ही शून्यं विसरणं ही मी पाहिलेली सर्वांत वारंवार घडणारी चूक आहे.

लाख अंकांची स्ट्रिंग दिली तर प्रोग्राम अडकतो. आणि पायथन तर सरळ नकार देतं.

वरची पाटीवरची रीत दर पायरीला अख्खी वाढती संख्या गुणते, म्हणून अंक दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. हजार अंकांना कळत नाही, दहा लाखांना पंखा फिरायला लागतो. (अब्जाच्या खान्यांत नुसतं कापून ठेवणं झटपट होतं. वेळ लागतो तो द्विमानात न्यायला, आणि लायब्ऱ्या आतून द्विमानच वापरतात.) तोडगा असा की स्ट्रिंग मधोमध तोडायची, दोन्ही अर्ध्यांचे पूर्णांक करायचे, डाव्या अर्ध्याला दहाच्या योग्य घाताने गुणून उजवा मिळवायचा. हे फायद्याचं ठरतं ते गुणाकार वेगवान असेल तरच. कारात्सुबा या गणितज्ञाने १९६० मध्ये चार गुणाकारांचं काम तीनांत करून दाखवलं तेव्हापासून ते शक्य आहे. पायथनने मोठ्या स्ट्रिंगांसाठी असा मार्ग ३.१२ मध्ये घेतला.

नकाराचं कारण सुरक्षा आहे. कुणी मुद्दाम लाखो अंकांची स्ट्रिंग पाठवून सर्व्हर दमवू शकतो, म्हणून पायथन ३.११ पासून, आणि सुरक्षा-दुरुस्ती म्हणून त्याआधीच्या काही आवृत्त्यांतही, ४३०० अंकांपुढे व्हॅल्यूएरर येते. छापतानाही हीच मर्यादा लागते: २ चा २०००० वा घात झटक्यात निघतो, पण तो ६०२१ अंकी असल्याने प्रिंट अडतं. सिस मॉड्यूलच्या सेट-इंट-मॅक्स-स्ट्र-डिजिट्सने मर्यादा वाढवता येते. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल वाढवा. बाहेरून डेटा घेणाऱ्या सर्व्हरवर नका वाढवू. षोडशमान स्ट्रिंगला ही मर्यादा नाही, कारण तिथे बिट थेट भरता येतात.

अक्षरांच्या स्ट्रिंगचाही पूर्णांक करता येतो म्हणे?

येतो, आणि सांकेतिक लेखनात हेच करतात. १९७७ मध्ये आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या संशोधकांनी जाहीर आव्हान म्हणून एक संदेश दिला होता. त्यात प्रत्येक इंग्रजी अक्षराला ०१ ते २६ आणि मोकळ्या जागेला ०० देऊन एक लांबलचक संख्या केली होती, मग ती १२९ अंकी संख्येच्या मदतीने कुलूपबंद केली. ते कुलूप १९९४ मध्ये तुटलं.

आज अक्षरांऐवजी बाइट घेतात. ‘पुणे’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने चार खुणा आहेत: प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे बारा बाइट. ते सलग एक संख्या म्हणून वाचले की २९ अंकी पूर्णांक होतो. पायथनमध्ये इंट-फ्रॉम-बाइट्सला हे बाइट आणि ‘बिग’ हा क्रम द्या. उलट क्रम दिलात तर वेगळीच संख्या येते.

जावात एक सापळा खास आपल्यासाठी आहे. बिगइंटीजरला नुसता बाइटचा ॲरे दिला तर पहिला बिट तो चिन्ह समजतो. इंग्रजी अक्षराचा पहिला बिट शून्य असतो, देवनागरी अक्षराच्या पहिल्या बाइटचा एक. म्हणून इंग्रजीतल्या सगळ्या चाचण्या पास होतात आणि ‘पुणे’ ऋण निघतं. ॲरेच्या आधी १ हे चिन्ह द्या, प्रश्न सुटतो.

दुसरा सापळा ‘दुसऱ्या’ मधल्या ऱ चा. तो एकाच खुणेने लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन खुणांनी. दिसायला सारखे, पूर्णांक वेगळे. आधी एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक स्वरूपात आणा, मग बाइट काढा.

फक्त बाकी हवी असेल तरी मोठा पूर्णांक लागतोच का?

नाही. युरोपात राहणाऱ्यांना आयबॅन (तिथला बँक खाते क्रमांक) माहीत असेल. तो तपासताना पहिली चार अक्षरं शेवटी नेतात, ए ला १०, बी ला ११ असे झेडपर्यंत आकडे देतात, आणि तयार झालेल्या संख्येला ९७ ने भागून बाकी १ येते का बघतात. जर्मन आयबॅनची अशी २४ अंकी संख्या होते, लाँगच्या बाहेर. पण बाकी अंकागणिक काढता येते: आधीची बाकी गुणिले दहा, अधिक नवा अंक, पुन्हा ९७ ने बाकी. ‘१२३४’ वर करून बघा: १, १२, मग १२३ ची बाकी २६, मग २६४ ची बाकी ७०. साधा इंट पुरतो.

माझं फंक्शन पक्कं आहे हे कसं तपासू?

त्याला या स्ट्रिंगा द्या आणि प्रत्येकीला काय व्हायला हवं ते आधी कागदावर लिहा: रिकामी, नुसती मोकळी जागा, नुसतं उणे, ‘+५’, ‘--५’, ‘-०’, ‘०००७’, ‘१_०००’ (पायथन हे ३.६ पासून हजार म्हणून घेतं, अनेकांना माहीत नसतं), ‘१२,३४,५६७’, ‘१२.०’, ‘१ई५’, लाँगची मर्यादा आणि तिच्याहून एकाने मोठी, तशीच ऋण बाजूची, चार हजार तीनशे एक अंकांची, मराठी आकड्यांची, अर्धी मराठी अर्धी इंग्रजी, आणि शेवटी लाघवचिन्ह असलेली.